राख टाकायची नाही

अण्णा, तुला जाळायला शेवटी डिझेल लागलं.

विद्युतदाहिनीचं बटण मी दाबलं. तुला मूलबाळ नाही, आणि वहिनीनं सगळ्यांच्या समोर सांगून टाकलं, "शुभाच दाबेल. भावाशी भांडायचा हक्क तिचा, तर हाही तिचाच." गुरुजींनी मान हलवली. दार खाली आलं, आत घरघर सुरू झाली आणि थोड्याच वेळात फट्कन लाइट गेली. पंखे थांबले. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. तिथला माणूस अगदी सहज म्हणाला, "स्वल्प थांबा, जनरेटर लावतो." मग मागच्या बाजूला धडधड सुरू झाली आणि खिडकीतून डिझेलचा वास आत आला. मी चटकन डावीकडे वळून कोपर मारलं. "बघ, कोळशावर निघालास आणि डिझेलवर पोचलास," असं म्हणणार होते. डावीकडे वहिनीचा भाऊ उभा होता. कोपर त्याला लागलं, आणि बिचारा तोच मला "सॉरी" म्हणाला.

हे सगळं तुला सांगतेय कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सवयच नाही मला. आणि तू गेल्यापासून इतके घोटाळे झालेत की माझं डोकं पार चक्रावलंय.

भेटायला येणारे लोक विचारतात, "त्यांचा विटांचा कारखाना होता ना, पीण्या इंडस्ट्रियल एरियाच्या मागे?" मी हो म्हणते. मग ते म्हणतात, "म्हणजे मातीच्या विटा?" मग मी समजावते, की नाही, वीजकेंद्रात कोळसा जळला की ढीगभर राख उरते, ती टँकरनं यायची, तिच्यात चुना, जिप्सम आणि दगडाची भुकटी मिसळून प्रेसमध्ये दाबून तू विटा काढायचास. "अच्छा, आणि तुम्ही?" मी कोरमंगलात सोलरच्या कंपनीत. लोकांची गच्ची बघायची, ऊन मोजायचं, पॅनेल बसवायची. "वा, म्हणजे दोघंही पर्यावरणवाले!" असं म्हणून ते कॉफी पितात. त्यांना कुठं माहीत, या दोन पर्यावरणवाल्यांची दर रविवारी जयनगरच्या घरात थालीपीठ गार होईपर्यंत जुंपायची, आणि वहिनी आतून ओरडायची, "पुरे करा रे, खालच्या मजल्यावरची अक्का वर येऊन विचारेल काय झालं म्हणून!"

मला एक कधीच कळलं नाही. तू नक्की कुठल्या बाजूचा होतास?

मी कॉलेजात होते आणि तुझी ती पहिली नोकरी होती, वीजकेंद्रातली. सुट्टीत मी तुझ्याकडे आले, तेव्हा तू मला देवळाबिवळात न नेता राखेचं तळं दाखवायला नेलंस. तळं कसलं, नजर पोचते तिथपर्यंत करडा चिखल, वरनं वाळलेला. वारा सुटला आणि माझी ओढणी करडी झाली. पलीकडच्या वस्तीत एका म्हातारीनं आपल्याला पाणी दिलं. देताना तिनं तांब्या पदरानं पुसला, भरला, आणि आपण तोंडाला लावेपर्यंत पाण्यावर परत राखेची साय धरली होती. तू ते पाणी प्यायलास. मी नाही प्यायले. परतीच्या बसमध्ये तू एक शब्द बोलला नाहीस, आणि तुझ्यासारखा बडबड्या माणूस गप्प बसला म्हणून मला भीती वाटली होती. उतरताना म्हणालास, "पाऊस जास्त झाला की हे सगळं फुटून नदीत जातं, शुभे. आणि लोक याला कचरा म्हणतात. टाकली म्हणून कचरा झाली ना ती!"

त्यातूनच तुझा तो मंत्र निघाला. राख टाकायची नाही. कारखाना काढलास तेव्हा तू तो भिंतीवर लिहिला नाहीस, पण कामगारांच्या कानात असा बसवलास की विचारू नकोस. टँकर आला की आधी थोडी राख स्टीलच्या डब्यात काढायची, तपासणीच्या टेबलावर ठेवायची, चाळून बघायची, भिजवून बघायची. आणि संध्याकाळी डब्यात जे उरलं असेल ते मिक्सरमध्ये. चिमूटभरही बाहेर फेकायचं नाही. मी एकदा म्हटलं, "अरे चमचाभर राख फेकली तर काय आभाळ कोसळणार आहे?" तर तू म्हणालास, "सगळे चमचाभरच फेकतात."

मग मी म्हणायची, तू कोळशावाल्यांचा माणूस. आणि तेवढ्यात तू काहीतरी असं करायचास की माझं म्हणणंच लंगडं पडायचं. आठवतंय ते होंगेचं प्रकरण? कारखान्याच्या कुंपणाला तू होंगेची झाडं लावलीस. आपल्याकडे त्याला करंज म्हणतात म्हटलं, तर म्हणालास, "बेंगळुरूत वाढलंय ते, त्याला कन्नडच कळतं." त्याच्या बिया गोळा करून तू घाण्यावर तेल काढून आणलंस आणि जुन्या जनरेटरमध्ये ओतलंस. म्हणे डिझेलला पर्याय. जनरेटर खोकला, थुंकला आणि चक्क चालू झाला! तू लहान पोरासारखा नाचलास. चहा उकळायच्या आत तो बंद पडला तो पडलाच. फिल्टरमध्ये खरवसासारखा थर. तुझे कपडे, माझे कपडे, सगळ्यांना तो कडू वास. वहिनीनं ते कपडे आठवडाभर दोरीवर बाहेरच ठेवले. मी हसून हसून खाली बसले, आणि तू रागानं म्हणालास, "हस. तुझ्या सूर्याला रात्री कोण विचारतं?"

म्हणजे तुला कोळसा नको होता. पण सोलरही पटत नव्हतं. "तुझी पॅनेलं म्हातारी झाली की कुठे टाकणार ते आधी सांग," हा तुझा ठरलेला बाउन्सर. मी तोंड उघडलं की, "टाकणार ना? बघ, आलाच टाकायचा शब्द." मला वाक्य पुरं करू द्यायचं नाही, हा तुझा जन्माचा गुण. मी आजवर तुझ्याशी एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत बोलले असेन असं मला वाटत नाही.

शेवटचं भांडण तर तू अर्धवटच टाकून गेलास. तू म्हणालास, "सांडलंय ते मी पुसतोय, तू आपली नुसती नळ बंद करा, नळ बंद करा म्हणून ओरडतेस." मी म्हटलं, "नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात माहितेय ना?" तू हसलास. मग मी ते बोलले. म्हटलं, तू त्यांना पुण्य विकतोस अण्णा. तुझ्या विटांमुळे त्यांची राख कामी आली असं दिसतं, त्यांचं मन साफ होतं, आणि ते आणखी एक धुराडं उभं करतात. कोळसा उद्या बंद झाला तर तुझ्या कारखान्याला टाळं, म्हणजे मनातल्या मनात तू त्याच्या आयुष्याचीच प्रार्थना करत असणार, आणि... इथं तू मला तोडलंस. "आधी जेव," म्हणालास. बस्स. तू आणि उत्तर नाही? मला वाटलं पुढच्या रविवारी येईल, मोठ्ठं, तयारी करून. रविवारच्या आतच तू छातीवर हात ठेवून खुर्चीत बसलास.

मी माझं म्हणणं मागे घेत नाहीये, ऐकतोयस ना? मला अजूनही वाटतं माझं बरोबर आहे. पण ते अर्धंच बरोबर असावं असा संशय आहे, आणि उरलेलं अर्धं तुझ्याकडे होतं. ते घेऊन तू गेलास म्हणून मला तुझा राग येतोय.

आता घोटाळा ऐक.

दाहिनीतून त्यांनी अस्थी मडक्यात घालून, वर लाल फडकं बांधून दिल्या. उरलेली रक्षा कशात घेणार विचारलं. कुणी काही आणलंच नव्हतं. वहिनीचा भाऊ धावत गेला आणि तुझ्या गाडीच्या डिकीतून एक स्टीलचा डबा घेऊन आला. घट्ट झाकणाचा, धुतलेला, अगदी छान. मीच त्यात रक्षा भरून घेतली. माझ्या डोक्यात त्या वेळी काही म्हणजे काही आलं नाही.

अस्थी घरात न्यायच्या नाहीत, झाडाला बांधायच्या. आता जयनगरच्या फ्लॅटला झाड कुठलं? सोसायटीत एक आहे, तर वॉचमन म्हणाला, "अक्का, मुलं खेळतात इथं, नको." त्याचंही बरोबर. मग वहिनी म्हणाली, कारखान्यात न्या, त्यांच्या झाडांना बांधा. म्हणून मडकं तुझ्या होंगेच्या फांदीला बांधलं. डबा काही बांधता येईना. तो मी आतल्या टेबलावर ठेवला.

तिथून बाहेर येताना मी सहज वर बघितलं, आणि शेडच्या पत्र्यावर सोलरची पॅनेलं! नवी कोरी. आमच्या कंपनीची नव्हेत, दुसऱ्याच कुणाची. मी तिथंच खाली पायरीवर बसले. घरी आल्यावर वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. म्हणे, शुभीकडून घेतली तर ती जिंकली असं होईल, आणि मग रविवारी बोलायचं काय?" अण्णा, हसू की रडू? मी दोन्ही केलं. पॅनेलं वाकडी बसवलीत, सांगून ठेवते. दुपारनंतर अर्ध्यांवर झाडाची सावली येते. मला विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?

दोन दिवसांनी एक टँकर दारात येऊन उभा राहिला. ऑर्डर अडलेली होती, म्हणून वहिनीनंच काम सुरू करायला सांगितलं. आणि परवा दुपारी बसवराजचा फोन आला, तुझ्या मिक्सरवरच्या बसवराजचा. "अक्का, तुम्ही जरा येताय काय?" एवढंच. आवाज असा की मी ऑफिसातून तशीच निघाले.

बसवराज टेबलापाशी उभा होता आणि त्याच्या पुढ्यात तो डबा, रिकामा.

"मीच टाकलो ओ, अक्का," तो म्हणाला. "मला काय म्हाईत? मडक्याला मी रोज नमस्कार करतोय, ते ठाऊक होतं. डब्याचं कोण बोललंच नाही. टेबलावर डबे होते, सगळे तसलेच. संध्याकाळी सर सांगायचे तसं सगळे मिक्सरमध्ये ओतलो. आज तुमच्या वहिनींचा भाऊ येऊन विचारला, रक्षेचा डबा कुठला म्हणून, तेव्हा..." एवढा थोराड गडी, गळ्यातला टॉवेल तोंडात कोंबून रडायला लागला. त्याला काय बोलू? चूक कुणाची? डबा ठेवला मी. आणि ओतायला शिकवलंस तू.

मी विचारलं, "कुठल्या विटा?" त्यानं हात दाखवला. अख्खी रांग. त्या दिवशीच्या सगळ्या विटा, एकसारख्या करड्या, एकावर एक रचलेल्या. तू कुठल्या विटेत आहेस हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आणि मला श्रीरंगपट्टण आठवलं. मामांच्या अस्थी कावेरीत सोडून आपण परत येत होतो, मद्दूरला वडे खायला थांबलो. तू वड्याचा तुकडा मोडलास आणि म्हणालास, "मला नदीत सोडू नका हं. जन्मभर लोकांना सांगतोय, राख पाण्यात सोडू नका. आणि शेवटी मलाच सोडणार? माझी वीट करा." वहिनीनं हातातला वडा खाली ठेवला. "काहीतरी अभद्र बोलू नका," म्हणाली. तू खो खो हसलास. विषय संपला.

पण अण्णा, मला तुझं हसणं ठाऊक आहे. तू मस्करी करायचास तेव्हा चेहरा दगडासारखा ठेवायचास, आणि मनातलं काही निसटलं की ते झाकायला हसायचास. त्या दिवशी तू आधी दगडासारखा होतास आणि मग हसलास. दोन्ही केलंस! आता मी काय समजू? तुझी इच्छा पुरी झाली, की तुझी विटंबना झाली? त्या रांगेपुढं मी किती वेळ उभी होते कोण जाणे. हात जोडावेत तर विटांना कसे जोडायचे, न जोडावेत तर तू आत.

सगळ्यात मोठा पेच वहिनीचा. तिला सांगायचं, की गप्प बसायचं? बसवराज म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, अक्का." एखाद्या डब्यात साधी राख भरून ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं, राखेला काय तोटा तिथं! मनात आलं माझ्या, खोटं कशाला बोलू. पण मग श्रीरंगपट्टणला वहिनी ती कोळशाची राख तू समजून, डोळे मिटून नदीत सोडणार. म्हणजे तुझ्या नावानं, तुझ्याच बायकोच्या हातून, वीजकेंद्राची राख कावेरीत! ते मात्र तू मला सात जन्म माफ केलं नसतंस.

घरी गेले. हॉलमध्ये माणसं बसली होती. वहिनीला आत स्वयंपाकघरात घेतलं आणि सांगितलं. सरळ, एका दमात.

ती ओट्याला टेकून उभी राहिली. "सगळीच?"

"सगळी."

"मडकं?"

"मडकं झाडावर आहे. त्याला काही झालं नाही."

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "शेवटी स्वतःचंच खरं केलं की ह्यांनी!" आणि चपला घालून दारात. हॉलमधल्या एक बाई म्हणाल्या, "अय्यो, या दिवसांत कुठे बाहेर निघालीस?" वहिनी म्हणाली, "ह्यांच्याकडे."

कारखान्यात ती याआधी किती वेळा आली असेल? पूजेला येऊन प्रसाद वाटून जायची. या वेळी ती थेट त्या रांगेपाशी गेली. एका विटेवर हात ठेवला, मग दुसऱ्या. बसवराज लांब उभा होता. तिनं त्याला विचारलं, "ऑर्डर कुणाची आहे?"

"तुमकूर रोडला एकांचं घर बांधायलेत, अक्का. त्यांच्या कंपाऊंडची भिंत. मी थांबवतो, नका काळजी करू."

"थांबवू नकोस. जाऊ देत. नाहीतरी घरात बसणारा माणूस नव्हताच तो."

बसवराजला हसावं की नाही कळेना. मलाही कळलं नाही. मग ती म्हणाली, "मडकं मात्र श्रीरंगपट्टणला जाणार. राख त्यांच्या मनासारखी गेली, अस्थी माझ्या मनासारख्या जाऊ देत. सरी ना, शुभा?" मी मान डोलावून सरी म्हटलं. यावर तू काय म्हणाला असतास, माहीत नाही. पण ती तुझी बायको आहे, आणि तिच्या वाट्याला काहीतरी यायलाच हवं.

तेवढ्यात एक कामगार रबरी पाइप घेऊन आला. ओल्या विटांना रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर त्या ठिसूळ राहतात आणि हातात भुगा होतो, हे तूच सांगायचास. वहिनीनं पाइप त्याच्या हातातून घेतला. "इकडे दे. ह्यांना पाणी मी देते," म्हणाली. आणि द्यायला लागली. सावकाश, वरच्या थरापासून, एकही वीट कोरडी राहू नये अशी. निऱ्या भिजल्या तरी तिला भान नव्हतं. ती गुरुजींच्या समोर रडली नव्हती, दाहिनीपाशी रडली नव्हती. इथं रडली. मी मधे गेले नाही.

अर्धी रांग झाल्यावर तिनं पाइप माझ्याकडे दिला आणि झाडाखाली जाऊन बसली. मी पाणी मारायला लागले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलायलाच लागले. मोठ्यानं, कामगारांच्या देखत. म्हटलं, पॅनेलं वाकडी बसवलीस, सावलीत बसवलीस, मला न विचारता बसवलीस. म्हटलं, तू पुण्य विकत होतास, हो, विकतच होतास. आणि माझी पॅनेलं म्हातारी झाल्यावर त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही, आमच्या कंपनीतही धड कुणाला माहीत नाही, ते तू शोधून काढणार होतास, कारण टाकलेल्या वस्तूकडे बघायचं डोकं तुझंच होतं. मला एकटीला नाही येत ते. म्हटलं, नळही बंद करायला हवा आणि फरशीही पुसायला हवी, एवढं साधं आहे, मग आपण इतकी वर्षं कशासाठी घसा कोरडा केला?

वहिनी झाडाखालून म्हणाली, "स्वल्प हळू, शुभा."

मी हळू झाले नाही. पहिलं वाक्य पूर्ण झालं, दुसरं पूर्ण झालं, तिसरंही झालं. मी थांबून थांबून बोलत होते, जागा ठेवत होते, आणि विटांवरून नुसतं पाणी गळत होतं. तू मधे बोलला नाहीस. तेव्हा मला कळलं अण्णा, की तू गेलास.